कर्नाळ्याची वाट व सोनेरी पिसें

पनवेल हें गांव बहुतेकांनीं पाहिलेलें असतें. पण थांबून पाहिलेलें फार थोड्यांनीं. पुण्याहून मुंबईस जाणारा असो वा मुंबईहून कोंकणांत उतरणारा असो, जो तो घड्याळाकडे नजर टाकून येथून पुढें निघतो. १८५२ सालीं नगरपालिका लाभलेल्या ह्या गांवाची २०१६ सालीं महानगरपालिका झाली. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं तालुक्यांतच नव्या विमानतळाचें उद्घाटन झाल्यामुळें पुढें निघून जाण्याच्या सोयींत आणखी एकीची भर पडली. अशा ह्या घाईच्या गांवीं सावकाश चालण्याचा धडा आम्हांस मिळाला, आणि तोही एका पांखराकडून, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. तें पांखरूं संगणकाच्या पडद्यावर भेटलें. त्याचीं भावंडें मागाहून कर्नाळ्याच्या रानांत भेटलीं. म्हणून ह्या लेखांत दोन डोंगरांचें वर्णन आहे.

गेल्या आषाढांत आमच्या वडील वहिनींची हृदयाची शस्त्रक्रिया मुंबईस व्हावयाची होती. दादा व धाकटे बंधु त्यांच्याजवळ होते. बाकीची मंडळी पनवेलीस घरीं. मातुःश्री देवापाशीं बसलेल्या, स्वयंपाक झाकून ठेवलेला, पानावर बसावयास कोणी उठेना, आणि प्रत्येकाचे कान फोनाकडे. वहिनींची बारा वर्षांची कन्या कोपऱ्यांत संगणक उघडून खेळूं लागली, तेव्हां मातुःश्रींच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण पोरीचा चेहरा पाहून त्या कांहीं बोलल्या नाहींत. आणि थोड्या वेळानें आम्ही सारेच तिच्या मागें जाऊन बसलों.

त्या खेळाचें नांव ‘अ शॉर्ट हाइक’, म्हणजे छोटीशी डोंगरफेरी. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू ह्या कॅनडांतील गृहस्थांनीं एक मोठें काम बाजूस ठेवून, मुख्यतः एकट्याच्या बळावर तो कांहीं महिन्यांत रचला व २०१९ सालीं प्रसिद्ध केला. संगीत मार्क स्पार्लिंग ह्यांचें. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून निर्माण होणाऱ्या खेळांच्या महोत्सवांत २०२० सालचें सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळालें. नायिका क्लेअर ही एक पक्षीण. इंग्रजींत आत्या व मावशी ह्यांस शब्द एकच. तेव्हां क्लेअर जिच्याकडे राहावयास आली आहे त्या वनरक्षक बाईस आमच्या मातुःश्रींनीं मावशी ठरवून टाकलें. क्लेअरला एक महत्त्वाचा फोन यावयाचा आहे, पण पायथ्याशीं संपर्क मिळत नाहीं. तो केवळ ‘हॉक पीक’ ह्या शिखरावर. म्हणून ती निघते.

ह्या चढणीस सोनेरी पिसें लागतात. जितकीं पिसें गांठीस, तितकें अधिक चढण्याचें बळ. शिखराजवळ तर थंडीनें पिसेंही गोठतात. पण हीं पिसें कोणाशीं लढून मिळवावयाचीं नसतात. कांहीं विकत मिळतात, कांहीं वाट सोडून भटकतांना सांपडतात. वाटेंत कोणाची हरवलेली डोक्याची पट्टी शोधून द्यावी, पाण्याशीं गळ टाकून बसावें, आणि उंचावर पोंचल्यावर पंख पसरून तरंगत खालीं यावें. शत्रु नाहीं, मरण नाहीं, वेळेची मर्यादाही नाहीं. चिमणी-कावळ्याच्या गोष्टी सांगून ज्यांनीं तीन पिढ्या निजविल्या, त्या मातुःश्रींस बोलत्या पांखरांचें कांहींच वावगें वाटलें नाहीं. “आधीं त्याचें हरवलेलें शोधून दे, मग वर जा,” असें त्याच नातीस बजावूं लागल्या.

शिखरावर क्लेअरचा फोन वाजतो. तो तिच्या आईचा असतो. आईची शस्त्रक्रिया झाली आहे व ती सुखरूप आहे, हें तेव्हां कळतें. खेळाचा हा शेवट घरांत कोणास ठाऊक नव्हता. कोणी कांहीं बोललें नाहीं. मुंबईहून आमचा फोन यावयास अजून तीन तास होते.

आपल्या भाषेंत वाट म्हणजे रस्ता, आणि प्रतीक्षा करणें म्हणजेही वाट पाहणें. रस्त्याकडे डोळे लावून बसावें, ह्यापलीकडे प्रतीक्षा करणाऱ्यास कांहीं करतां येत नाहीं, असेंच जणूं हा शब्दप्रयोग सांगतो. क्लेअर मात्र वाट पाहत नाहीं, ती वाट चालते. तिच्या चालण्यानें आईच्या प्रकृतींत तिळभर फरक पडत नाहीं. पण फोन येतो तेव्हां तो घेण्याचें बळ तिच्या अंगीं आलेलें असतें. मुलगी उठली व म्हणाली, “आपणही चालूं या.” पाऊस थोडा उघडला होता. भ्रमणध्वनि खिशांत टाकून आम्ही सारीं वडाळे तलावाकडे गेलों आणि त्याच्या कांठानें फेऱ्या घालूं लागलों. दादांचा फोन आला तो तळ्याकांठींच. वहिनी शुद्धीवर आल्या होत्या.

भाद्रपदाच्या शेवटीं वहिनींसह आम्ही कर्नाळ्यास गेलों. पनवेलीहून गोव्याच्या रस्त्यानें तें सुमारें १२ किलोमीटर आहे. वाटेंतच वासुदेव बळवंत फडके ह्यांचें जन्मगांव शिरढोण लागतें. कर्नाळ्याचें रान १९६८ सालीं पक्षी अभयारण्य झालें व २००३ सालीं त्याचा विस्तार १२ चौरस किलोमीटरांच्या आसपास गेला. वहिनी व मातुःश्री प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर झाडाखालीं बसल्या. तेथें बसूनही शीळकरी कस्तुराची शीळ ऐकूं येते; ती एखाद्या पोरानें सहज घातलेल्या शिळेसारखी असते. शेपटीचीं दोन लांब पिसें मिरवीत भृंगराज उडतो व दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. पावसाळ्यांत तिबोटी खंड्या येथें ओढ्याकांठच्या मातींत बीळ कोरून पिलें वाढवितो. मुठींत मावेल एवढा हा रंगीत पक्षी रायगड जिल्ह्याचें मानचिन्ह आहे.

आम्ही वर चढलों. शिवाजी महाराजांनीं १६७० सालीं घेतलेला व १८१८ सालीं इंग्रजांकडे गेलेला हा किल्ला दीड हजार फुटांच्या आसपास उंच आहे. त्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा शंभर फुटांहून अधिक उंचीचा सुळका उभा असून पायथ्याशीं पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत. सुळक्यास मधमाशांचीं पोळीं असतात. म्हणून तेथें आरडाओरड वा धूर करूं नये. त्याच्या टोंकावर जाण्याची इच्छा कोणी बोलून दाखविली नाहीं. उतरतांना मुलीस वाटेवर एक पीस सांपडलें. तिनें तें उन्हांत धरून पाहिलें, आणि रानांतलें रानांतच असावें म्हणून होतें तेथें ठेवून दिलें.

दोन्ही डोंगर दीड-दोन तासांचे आहेत. ज्यांच्या घरीं कोणी वृद्ध वा आजारी असेल, त्यांनीं प्रथम पडद्यावरील डोंगर त्यांच्याजवळ बसून चढावा. त्यास खर्च थोडा व श्रम मुळींच नाहींत. मग प्रकृति सुधारली कीं सकाळच्या प्रहरीं पाणी व फराळ घेऊन कर्नाळ्यास यावें. ज्यांच्यानें चढवत नसेल त्यांनीं खालीं बसून ऐकावें. वहिनी त्या दिवशीं पन्नास पावलें चालल्या. पुढच्या खेपेस ओढ्यापर्यंत जावयाचें त्यांनीं ठरविलें आहे.