वाडा विकला, भाडेकरू नाही

आपल्या गावात सध्या जुने वाडे भराभर विकले जाताहेत. पेठेतल्या रस्त्यालगतच्या जागेला सोन्याचा भाव आलाय. विकणारे विकणार, घेणारे घेणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण खरेदीखत झालं की आत राहणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "मालक बदललाय, आता खोल्या मोकळ्या करा." माणसं घाबरतात, हातावर टेकवलेले पैसे घेतात आणि निघून जातात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 109 नुसार नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याला हक्क मिळतात, तशा जबाबदाऱ्याही येतात. "आत भाडेकरू आहेत हे मला माहीतच नव्हतं" ही सबबही चालत नाही. जागा प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे, हे घेणाऱ्याने बघायलाच हवं. आणि विक्रीची खबर नसताना तुम्ही जुन्या मालकाला भाडं दिलं असेल, तर तेच भाडं नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही.

हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं नाही. माझी आई अशाच एका वाड्यात दोन खोल्यांत राहते. गेल्या वर्षी वाडा विकला गेला. नव्या मालकाचा माणूस आला आणि म्हणाला, "काकू, तुमचा व्यवहार जुन्या मालकांशी होता, आमच्याशी काही नाही." आईने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यात 1984 पासूनच्या भाडेपावत्या. बऱ्याच वडिलांच्या नावावर आहेत, पण ते गेले तेव्हा आई त्यांच्याबरोबरच राहत होती, त्यामुळे भाडेकरूचा हक्क तिच्याकडे आला. डबा बघून तो गृहस्थ चहा न घेता गेला.

पुढच्या महिन्यापासून त्यांनी भाडं घेणंच बंद केलं. हा जुना डाव आहे. भाडं घ्यायचं नाही आणि नंतर थकबाकीदार म्हणून दावा लावायचा. आम्ही दर महिन्याला चेक स्पीड पोस्टाने पाठवतो. परत आलेली पाकिटं न फोडता त्याच डब्यात ठेवलीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सालचा, 31 मार्च 2000 पासून लागू आहे. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नंतर 90 दिवस थांबावं लागतं. मालकाला जागेची स्वतःला खरी गरज असेल तर तो कोर्टात जाऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. पण तिथे जास्त हाल कोणाचे होतील हेही बघितलं जातं. योग्य कारणाशिवाय पाणी, वीज तोडणं हा गुन्हा आहे. कुलूप तोडून सामान बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावता येतो.

आता दुसरी बाजू. मी स्वतः बायको-मुलांसह तिथून दहा मिनिटांवर फ्लॅटमध्ये राहतो, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. कायद्याच्या भाषेत आई भाडेकरू आहे, मी नाही. मला फक्त राहण्याची परवानगी आहे. फ्लॅट उद्या विकला तर ती परवानगी नव्या मालकावर बंधनकारक नाही, असं 1882 चाच सुविधाधिकार कायदा सांगतो. आईचा डबा मला उपयोगाचा नाही. आपल्या गावात माझ्यासारखेच जास्त आहेत. शिक्षक, नर्स, बँकेतली पोरं. म्हणून करार करताना दोन ओळी आग्रहाने घालून घ्या: मुदतीत जागा विकायची झाली तर इतक्या दिवसांची लेखी सूचना, आणि डिपॉझिट जागा सोडायच्या दिवशीच परत. करार नोंदवलेला असू द्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, नोंद नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं.

जुने भाडेकरू असाल तर नव्या मालकाकडून खरेदीखताची प्रत आणि भाडं कोणाच्या नावे द्यायचं हे लेखी मागा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. "तात्पुरतं आहे" म्हणून पुढे केलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

मालकांचंही ऐकलंय मी. पन्नास-शंभर रुपये भाड्यात वाड्याची कौलंही बदलून होत नाहीत, हे खरं आहे. त्यावर बसून बोलता येतं, वाढीव भाडं ठरवता येतं, नव्या इमारतीत जागा देता येते. पण ते बोलणं बरोबरीने व्हायला हवं, धाक दाखवून नाही. ज्यांच्या आई-वडिलांचं घर जुन्या वाड्यात आहे, त्यांनी ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा आणि पावत्या कुठे ठेवल्यात ते विचारून घ्या.