पटावर महाराज नाहीत

मावळ्यांचा बुद्धिबळ संच करायचा म्हटला की कोल्हापूर भागात पहिली अडचण धातूची येत नाही, राजाची येते. शिवाजी महाराजांना पटावर उभे केले, तर समोरचा त्यांना शह देणार आणि कधी ना कधी मातही करणार. असा संच घेऊन गडमुडशिंगीच्या चौकात बसलो तर मला कोणी चहा विचारणार नाही. चौकाचे सोडा, माझाच हात धजत नाही. आणि कोणी केलाच असा संच, तर तो कपाटात राहील. ज्या पटावर हरायची सोय नाही, तिथे डाव कसा मांडणार?

तोड पन्हाळ्याने दिली. १६६० च्या मार्चमध्ये गडाला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडला. जुलैतल्या त्या पावसाळी रात्री महाराज गडाबाहेर निसटले, तेव्हा दुसऱ्या पालखीत त्यांच्या वेषात नेबापूरचे शिवा काशीद बसले होते. ती पालखी पकडली गेली, काशीद मारले गेले आणि महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले. माझ्या संचात पांढऱ्यांचा राजा म्हणजे ही पालखी. शत्रू ज्याला राजा समजून धावला, तो. महाराज पटावर नाहीतच. एवढे ठरले आणि बाकीचे आपसूक आपापल्या घरात जाऊन बसले. वजीर म्हणजे पाठलाग अडवणारे बाजीप्रभू, प्यादी त्यांच्या सोबतच्या बांदल मावळ्यांची. काळ्यांकडे राजा सिद्दी जौहर आणि वजीर त्याचा जावई सिद्दी मसूद, कारण पाठलागावर निघाला तो मसूदच.

मी मूळचा फौंड्रीतला पॅटर्नमेकर. आमच्या धंद्यात वस्तू दिसेल कशी हा प्रश्न नंतरचा. साच्यातून सुटेल कशी, हा आधीचा. मावळ्याचा हात अंगापासून सुटा, त्यात उगारलेली तलवार, पाठीला ढाल, हे चित्रात झकास दिसते. साच्यात तीच तलवार अर्धी भरते आणि ढालीमागे रबर अडकते. म्हणून माझ्या मावळ्यांची शस्त्रे अंगालगत आहेत. साच्याची जोडरेषा कानामागून खांद्यावर उतरवायची, नाकावरून कधी न्यायची नाही. मूळ प्रत मेणात कोरतो, साचा सिलिकॉन रबराचा. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे घरच्या शेडमध्ये काम निभते. शिसे वापरत नाही; हे मोहरे पोरांच्या हातात जाणार.

लंडनच्या विल्यम ब्रिटनने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक काढले. साच्यात धातू ओतायचा, कडेचा पातळ थर गोठला की आतला पातळ धातू परत ओतून घ्यायचा. धातू वाचला, खेळणे स्वस्त झाले. ओतकाम करणाऱ्याने टोपी काढावी अशी युक्ती! पण बुद्धिबळाला ती उलटी पडते. मोहऱ्याला बुडाशी वजन हवे, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने घोडा आडवा होतो.

सैनिकांच्या प्रतिकृतींचे ठरलेले माप ५४ मिलिमीटर. सगळे एका उंचीचे, कारण माणसे साधारण तेवढीच असतात. बुद्धिबळात मात्र उंची म्हणजे हुद्दा. स्पर्धेच्या संचात राजा साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि प्यादे पाच. मावळ्याला बुटका करणे मला मंजूर नव्हते. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर कुंभाराकडचा मावळा महादरवाजापेक्षा मोठा असतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, पण ती सवलत पटावर नाही. शेवटी प्यादी गुडघ्यावर बसवली, तोडेदार बंदूक रोखलेली. पालखीचे भोई काढावे लागले, सहा सेंटिमीटरच्या घरात ते मावतच नव्हते. बदल्यात दांडीची कमान उंच चढवली. राजाला उंची तिने दिली आणि उचलताना चिमटीही तिथेच बसते.

उंटाच्या जागी सांडणीस्वार. तिरक्या चालीला निरोप घेऊन पळणारा स्वार शोभतो. घोडा दोन पायांवर उधळलेला हवा असा गिऱ्हाइकांचा हट्ट असतो. कथलाचे मागचे पाय तो भार पेलत नाहीत, म्हणून पोटाखाली करवंदीची जाळी उभी केली आहे. हत्तीने सगळ्यात जास्त छळले. आदिलशाहीकडे हत्ती शोभतो, मावळ्यांकडे त्या जागी बुरूज घेतला. पण खेळणाऱ्याला दोन्ही एकच मोहरा वाटले पाहिजेत, म्हणून अंबारी आणि बुरूज यांचा चौकोनी माथा आणि उंची एकसारखी ठेवली.

रंगाच्या भानगडीत मी पडलो नाही. तेव्हा गणवेश नव्हते, आणि आदिलशाहीच्या चाकरीतही मराठे होतेच. पागोट्यावरून बाजू ओळखायला गेलात तर फसाल. एका बाजूच्या बैठका शिसवी आहेत, दुसरीच्या सागवानी. संपला विषय.

काळ्यांच्या आठ प्याद्यांत एकाच्या डोक्यावर टोपी आहे. राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला पन्हाळ्याखाली आला होता. पुढच्या वर्षी महाराजांनी ती वखार लुटून हिशेब चुकता केला. हा टोपीकर मी मुद्दाम प्याद्यांत ठेवला आहे. त्याला आठव्या घरापर्यंत पोचायला १८१८ उजाडावे लागले.

असा संच कोणाकडूनही घ्या, पण कारागिराला नक्षीबद्दल विचारत बसू नका. अर्धा खेळून झालेला डाव त्याला मांडायला सांगा, चार पावले मागे सरा आणि घोडा कुठला, उंट कुठला हे लगेच कळते का बघा. कळले नाही, तर कोरीवकाम कितीही सुंदर असो, पैसे देऊ नका.