टाच कशी मोडली?

टाच मोडून आलेला माणूस बहुधा ‘पाय घसरला’ एवढंच सांगतो. सोबत कंत्राटदाराचा माणूस असेल तर हमखास. पण टाचेचं हाड नुसतं घसरून चुरत नाही. माणूस उंचावरून पायांवर आदळतो, अंगाचा भार घोट्यातल्या टॅलस हाडावर येतो आणि ते पाचरीसारखं टाचेत घुसतं. वरून पातळ कवच, आत जाळी असलेली टाच दबते, बाजूंना पसरते.

एक्स-रेवर मी आधी ब्योलरचा कोन पाहतो. धड टाचेत तो २० ते ४० अंशांचा असतो. चुरलेल्या टाचेत सपाट होतो, कधी उलटाही. मग पेशंटला कुशीवर वळवून कमरेचे मणके एकेक करून दाबतो. दहातल्या एखाद्याचा मणकाही दबलेला असतो, पण टाच इतकी ठणकते की कमरेचं तो बोलतच नाही.

एप्रिल-मेमध्ये अंधेरी-बोरिवलीत, घाटकोपर-मुलुंडला पावसाळ्याआधीची कामं निघतात. सोसायट्यांना परांच्या लागतात, चाळींवरचे पत्रे बदलतात. तेव्हा अशा टाचा येतात. तरण्या, कमावत्या माणसांच्या.

सगळ्याच टाचा उंचावरून पडून मोडत नाहीत. मधुमेही आजी पायरीवर नुसत्या अडखळतात आणि पोटरीचा स्नायूबंध टाचेचा मागचा तुकडा उपटून काढतो. तो आतून कातडीवर दाबतो. ती काळी पडायच्या आत बसवावा लागतो. चुरलेल्या टाचेला मात्र धीर धरावा लागतो. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, दहा-पंधरा दिवस, सहसा सुरी लावायची नाही. घाई केली तर जखम चिघळते. मॅरेथॉनसाठी धावणाऱ्याच्या टाचेतला बारीक तडा पहिल्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबली की तो कळवळतो.

प्लेट बसवून टाचेचा आकार बराचसा परत येतो. पण सांधा चुरला असेल तर खडबडीत जमिनीवर पाय दुखत राहतो, शिडी चढणं अनेकांना पुन्हा जमत नाही. म्हणून सोबतच्याला बाहेर बसवून मी विचारतो, “दादा, कितव्या माळ्यावरून?”

“दुसऱ्या. बांबू निसटला.”

“पट्टा होता?”

“कुठला पट्टा, डॉक्टर!”

हे त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवतो. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, असा कायदा १९२३ पासून आहे. ती मागताना हा कागद कामी येतो. निवासी डॉक्टरांना मी एवढंच सांगतो: स्क्रूची लांबी लिहिता ना, तशी पडण्याची उंचीही लिहा.