त्याला मत विचारतात

डिमेन्शिया झालेल्या माणसांचे गट आणि त्यांच्या कार्यशाळा यांवर माझा विश्वास नव्हता. आपल्या घरात, आपल्या माणसांत नवरा सुरक्षित राहील, चारचौघांत नेऊन त्याची परीक्षा कशाला, असं मला मनापासून वाटायचं. आज माझं हे मत राहिलेलं नाही. ते का बदललं हे सांगायला हवं, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत आणि ती फारशी बोलत नाहीत.

माझा नवरा इमारतींचे आराखडे काढायचा. चोपन्नाव्या वर्षी त्याच्या रेघा जुळेनात. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. मग कामाचा ताण म्हणून झालं, नैराश्य म्हणून झालं. लहान वयातला अल्झायमर पुष्कळदा विसरण्यापासून सुरूच होत नाही. कुणाला वस्तूंच्या अंतराचा अंदाज येत नाही, कुणाला शब्द सापडत नाहीत, कुणाचं वागणंच बदलतं. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायलाच उशीर होतो. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी बारावीत होती, घराचे हप्ते चालू होते आणि त्याची नोकरी सुटली होती.

म्हाताऱ्यांचा आजार, असं सगळेच म्हणाले. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात जिच्या लक्षणांची टिपणं केली, ती बाई ५१ वर्षांची होती. पण आपल्याकडे मोजदादच साठीनंतर सुरू होते. देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला. पन्नाशीतला माणूस त्या आकड्यात नाहीच. आमच्या डोळ्यांसमोरही 'अस्तु' चित्रपटातले वयस्कर मोहन आगाशे होते.

पहिल्यांदा गेलो ते एका डे केअर केंद्रात. तिथे बहुतेक जण पंचाहत्तरीपुढचे. भजन झालं, चेंडू झेलायचा खेळ झाला. एका मुलीने प्रेमानेच त्याला म्हटलं, "आजोबा, हात वर करा." तो उठला आणि स्वयंसेवक असल्यासारखा इतरांना पाणी देत फिरू लागला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. माझं मत तिथे पक्कं झालं.

ते बदललं आमच्या पुण्यातल्याच एका लहान गटामुळे. पासष्टीच्या आतल्यांसाठीच असलेला हा गट एका शाळेच्या वर्गात भरतो आणि एक व्यवसायोपचारतज्ज्ञ बाई तो चालवतात. मैत्रिणीचा आग्रह मोडवेना म्हणून गेलो. टेबलावर शहाबादीचा तुकडा, कोटा आणि जुन्या घरातली नक्षीची सिमेंटची फरशी मांडली होती. आता नावं विचारणार, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, "यातली कोणती तुम्ही तुमच्या घरात घालाल?" नवऱ्याने शहाबादीवरून हात फिरवला आणि बोलायला लागला. उन्हाळ्यात पायाला गार लागते, पण तेल सांडलं की डाग जात नाही. वाक्यं तुटत होती. समोरचे बँकेतले गृहस्थ कोट्यावर अडून बसले आणि दोघांची चांगलीच जुंपली. निदान झाल्यापासून त्याच्याशी कुणी वाद घातला नव्हता. सगळे नुसती मान डोलवायचे, मीसुद्धा.

घरी मी काय विचारायचे? आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंस, हा फोटो कुणाचा. मेंदूला व्यायाम म्हणून. त्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि नेमकं तेच त्याच्या हाताशी नव्हतं. माहिती न विचारता मत विचारायचं, ही त्या बाईंची लहर नव्हे. इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या गटोपचाराचं ते एक मुख्य सूत्र आहे. त्यात पाऊण पाऊण तासाची १४ सत्रं असतात, आठवड्यात दोन. २०१ जणांवर केलेली त्याची चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. गटात बसलेल्यांची विचारशक्ती आणि जगण्याची गुणवत्ता, दोन्ही इतरांपेक्षा सरस आढळली. चेन्नईत ही पद्धत भारतीय वळणाने बसवली गेली. चाचणीतली माणसं मात्र वयोवृद्ध होती. म्हणून आमच्या गटात विषय वेगळे असतात: फरशा, मोटरसायकली, मुलांची अ‍ॅडमिशन, ऑफिसातली भांडणं.

आजार पुढे सरकतोच आहे. शर्टाची बाही त्याला आता सापडत नाही. गटाने ते थांबावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

शेजारच्या वर्गात आम्ही घरची माणसं बसतो. माणसाची निर्णयक्षमता गेली की त्याने दिलेलं साधं मुखत्यारपत्र आपल्या कायद्यात टिकत नाही, हे मला तिथेच कळलं. मग तो समजून घेऊ शकत होता तोवरच मृत्युपत्र केलं, बँकेची खाती दोघांच्या नावावर केली, नॉमिनेशनं तपासली. प्रत्येक कागदावर काय लिहायचं हे त्याने सांगितलं. एका ठिकाणी तर माझं म्हणणं साफ खोडून काढलं.

ज्यांच्याकडे डे केअर केंद्र आहे, त्यांनी आठवड्यातली एक सकाळ पासष्टीच्या आतल्यांसाठी वेगळी ठेवावी. आणि ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालं आहे, त्यांनी 'अजून तशी वेळ आली नाही' म्हणून थांबू नये. जवळपास गट नसेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, 'अशी आणखी दोन-तीन घरं असतील त्यांना आमचा नंबर द्या.' सुरुवातीला तेवढी पुरतात.