बसायची जागा

कापडाच्या दुकानात पूर्वी उभं कोण असायचं? कुणीच नाही. आमच्या बेळगावात, गणपत गल्लीत म्हणा नाहीतर शहापुरात, पायरीपाशी चपला काढायच्या आणि पांढऱ्या गादीवर जाऊन बसायचं. मालक तक्क्याला टेकून, गुमास्ता मांडी घालून, गिऱ्हाईक पाय दुमडून आणि साड्यांचा ढीग सगळ्यांच्या मधोमध. वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायचा असला तरच गुमास्ता उठायचा. रंगाची शंका आली की साडी दारापर्यंत न्यायची, उजेडात धरून बघायची. मामंजींचं दुकान असंच होतं.

मग काउंटर आला. गिऱ्हाइकाला गुबगुबीत सोफा आला, मालकाला चाकाची खुर्ची आली, आणि गुमास्त्याच्या जागी आलेल्या पोरींना काय आलं, तर उभं राहणं.

आता दुकान धाकट्या भाऊजींचा मुलगा बघतो. यंदा त्यानं ते नव्यानं सजवायला काढलं. इंटिरिअरवाला लॅपटॉप घेऊन घरीच आला होता. पोहे खाता खाता त्यानं सगळं दाखवलं. पुतळ्यांवर दिवे कसे पडतील, आरसा कुठं, सोफा कुठल्या रंगाचा, रस्त्याकडची खिडकी बुजवून तिथं शोकेस कशी येईल. चित्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू? त्यात गिऱ्हाइकं काढली होती, कोपऱ्यात एक कुंडीसुद्धा काढली होती.

मी विचारलं, "पोरी कुठं बसणार?"

"मोठी आई, पोरी कशाला बसतील? कामावर असतात त्या."

आठ जणी आहेत. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, आणि लग्नसराईत त्याहून उशीर. त्यातल्या एकीच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आहेत. वय सव्वीस. डॉक्टरांनी तिला घट्ट मोजे दिले आणि एका जागी उभी राहू नकोस म्हणून बजावलं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात-सुटतात आणि रक्त वर ढकलतात. नुसतं खांबासारखं उभं राहिलं की ते खालीच साचतं, शिरांवर ताण येतो. म्हणजे फिरतीचं काम एक वेळ परवडलं, पण काउंटरमागं थिजून उभं राहणं वाईट. "बसलं की क्यामेऱ्यात दिसतंय की हो काकू," ती मला म्हणाली. हे सगळं हसत हसत सांगत होती, त्याचंच मला जास्त लागलं.

संडास दुसऱ्या मजल्यावर, गोदामाच्या पलीकडे. जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून पोरी पाणीच कमी पितात. मग लघवीची जळजळ, ताप, रजा. आपल्यातली एक मुलगी तिथं आहे. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती साडेपाचला जिन्याच्या वळणावर, रिकाम्या खोक्यांमध्ये बसून डबा खाते. माल आला की तोही उभ्यानं.

कायद्याचं म्हणाल तर गंमतच आहे. १९४८च्या कारखाना कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, कामात जरा उसंत मिळाली तर टेकता यावं म्हणून. पण साडीचं दुकान म्हणजे कारखाना नव्हे! तिकडे केरळात, कोळिकोडला, विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं दुकानांतल्या बायकांना एकत्र आणलं. 'पेनकूट्टू' हे त्यांच्या संघटनेचं नाव. आधी त्या संडासासाठी भांडल्या, मग बसण्यासाठी. २०१८ साली केरळ सरकारला दुकानांचा कायदा बदलून बसायची सोय सक्तीची करावी लागली. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसाच बदल केला. बसण्याच्या हक्कासाठी कायदा लागतो, यावर आमच्या मामंजींचा विश्वासच बसला नसता.

पुतण्याचं म्हणणं एकच, बसलेली पोरगी दिसली तर गिऱ्हाइकाला अपमान वाटतो. कुठलं गिऱ्हाईक? मी आमच्या भिशीत अकरा जणींना विचारलं. एकीलाही तसं वाटत नव्हतं. एक तर म्हणाली, ताटकळलेली पोरगी बघितली की मलाच दुसरी साडी दाखव म्हणवत नाही. हे मात्र पुतण्याच्या कानात बरोबर शिरलं.

पण नुसती खुर्ची टाकून भागत नाही, हे इंटिरिअरवाल्यानंच समजावलं, आणि इथं मला तो माणूस आवडला. काउंटर छत्तीस इंच उंच. घरातली अठरा इंचांची खुर्ची ठेवली तर पोरीचं फक्त डोकं दिसेल. त्याला चोवीस-पंचवीस इंचांचं स्टूल लागतं, पाय टेकायला खाली आडवी दांडी लागते. शिवाय काउंटरच्या आत जमिनीपर्यंत कप्पे केले तर गुडघे जाणार कुठं? म्हणून मधले कप्पे काढून जागा मोकळी सोडायची. साठ-सत्तर साड्यांची जागा जाते, एवढ्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. जाऊबाई माझ्या बाजूनं होत्या, पण हळू आवाजात.

शेवटी चार स्टुलं आली. आठ का नाहीत, तर चौघी साड्या दाखवतात तेव्हा चौघी टेकतील, असा हिशेब. खालीच एक संडास झाला. खिडकी वाचली. दिव्यांखाली रामा आणि मोरपंखी सारखेच दिसतात, रंग उजेडातच कळतो, हे कारण त्याला पटलं. पोरींना बाहेर पाऊस पडतोय का ते दिसतं, हे कारण मी बोललेच नाही. डब्यासाठी वेगळी खोली मात्र नाही झाली. जिन्याखाली एक बाकडं आणि पंखा, एवढ्यावर भागवलंय.

परवा दुपारी डोकावले तर दोघी टेकून घड्या घालत होत्या. तेवढ्यात पुतण्या आत आला आणि दोघी ताडकन उठल्या. तो "बसा, बसा" म्हणाला, पण गल्ल्याकडे जाता जाता, मागं न बघता. त्या काही बसल्या नाहीत. मी म्हटलं, अरे, थांबून सांग की.