साडेतीन फुटांखालची भिंत

वर्ग सजवायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान येतं, ते ३० पर्यंत पट असेल तर १० हजार आणि ३१ ते १०० पट असेल तर २५ हजार रुपये. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यातच भागवायचं. उरलेलं बऱ्याचदा पेंटरच्या हाती जातं. तो दाराच्या चौकटीवर हिमालय, बदकं, इंग्रजी अक्षरं काढून देतो. पहिलीतल्या पोराची नजर जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर. त्याला ते दिसतं कुठं?

म्हणून इस्लापूर भागात शिकवताना मी एकच धरून ठेवलंय: पैसा आणि मेहनत फरशीवर आणि साडेतीन फुटांखालच्या पट्ट्यावर लावायची, आणि विषय गावातलाच घ्यायचा.

आमच्या वर्गाचा विषय पैनगंगा. सहस्रकुंडाचा धबधबा इथून जवळच. अलीकडच्या काठाला नांदेड, पलीकडच्या काठाला यवतमाळ. फरशीवर निळ्या ऑइलपेंटनं नदी काढली. हे काम मे महिन्यातच उरकायचं. पावसाळ्यात फरशीला ओल येते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. नदीत काळे खडक, त्यांवर १ ते २० अंक. सातवरून पाच खडक पुढे उडी मारली की बारा, हे पोरं पायांनी शिकतात. भिंतीच्या पट्ट्याला काळा रंग दिलाय, तो त्यांचा फळा. मासा, होडी, मोह, साग ही चित्रं तिथं मुलंच काढतात. खाली नाव मराठीत, शेजारी घरच्या बोलीत: कुणाची गोंडी, कुणाची बंजारा, कुणाची तेलुगू. बोलीतलं नाव घरून विचारून आणायचं. त्यानिमित्तानं आज्या शाळेत येऊन बसायला लागल्या, याचा मला फार आनंद आहे.

गणिताची माळ चिंचोक्यांची. निम्मे चिंचोके भाजून सालं काढायची, ते पांढरे निघतात. निम्मे तसेच तपकिरी. सगळे रात्रभर भिजवले की दाभण सहज जातं (दाभण मात्र मोठ्यांच्याच हातात). दहा तपकिरी, दहा पांढरे असं करत शंभर ओवायचे आणि माळ खिडकीच्या गजाला बांधायची. चौतीस दाखव म्हटलं की पोरगी तीन दशक सरकवते आणि चार सुटे मोजते. खर्च फक्त दोऱ्याचा.

ही वाट जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शिंपले, खडे, पानं-फुलं हेच साहित्य केलं. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातले शिक्षक साताऱ्याला गेले. पुष्कळांनी तिथल्या फरशीवरच्या आकृत्या तेवढ्या उतरवून आणल्या. पण आकृतीवर बसून मूल काय करतं, खरं काम तिथं आहे. जिच्यावर कुणी बसत नाही ती आकृती मी पुसून टाकतो.

मांडणीला कपाट लागत नाही. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन, कापून, त्यांचे खिसे शिवून घेतले. प्रत्येक खिशावर मुलाचं नाव आणि त्यानंच निवडलेलं चित्र. अक्षर न येणारं मूलही आपला खिसा बरोबर ओळखतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर भिंतीवरची नदीची चित्रं पुसायची आणि कापूस हा विषय घ्यायचा. तराजू, वजनं, वेचणीचा हिशेब, सरकी. तराजूला बांबूच्या दोन टोपल्या बुरडाकडून आणायच्यात.