मामांचा चाकू

आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील अजून घरीच होतो. कामट्या तासायचे काम माझ्याकडे, आणि त्यासाठी मामी दर वर्षी ट्रंकेतून मामांचा चाकू काढून देतात. हा चाकू साधा नव्हे. त्याच्या मुठीचे दोन भाग आहेत. मिटला की पाते दोहोंच्या पोटात दडते. भाग उलट फिरवले की फुलपाखराने पंख पसरावेत तसा तो उघडतो. मामा बोटीवर नोकरीला होते. फिलिपाइन्समधल्या बतांगास प्रांतात, ताल नावाच्या गावी, एका म्हाताऱ्या लोहाराने आपल्या डोळ्यांदेखत हा चाकू घडवला, असे ते सांगत. ती हकीकत ऐकतच मी लहानाचा मोठा झालो.

यंदा कामटी चिरताना त्यातला एक पंख कटकन मोडला. पाहतो तो वरचा पितळी मुलामा नुसता नावाला. आतून करडा, रवाळ धातू! मी चपापलो. या चाकूवर कादंबरीतले एखादे प्रकरण बेतावे म्हणून मागे मी पुष्कळ वाचन केले होते. ताल गावात 'बालीसाँग' नावाची एक वस्तीच आहे आणि या चाकूचे नावही तेच. तिथले कारागीर मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद तापवून, ठोकून पाती करतात. मुठीला पितळ आणि त्यात म्हशीचे शिंग किंवा हाड बसवतात. पितळ मोडले तर आतूनही पिवळेच दिसायचे. हे होते साच्यात ओतलेले जस्त. कडेने साच्याची शिवणसुद्धा दिसत होती.

पाते मुठीत शिरते तिथला मळ रॉकेल लावून पुसला. बारीक इंग्रजी अक्षरे वर आली : जपान.

खरे म्हणजे ही अक्षरे परक्यांसाठी असतात. गावच्या बाजारासाठी घडवलेल्या वस्तूवर आपल्याच देशाचे नाव, तेही इंग्रजीत, कोण कशाला उठवील? जर्मनीतला स्वस्त माल शेफील्डच्या नावावर खपतो, अशी तिथल्या चाकूवाल्यांची ओरड होती. म्हणून इंग्लंडात १८८७ साली कायदा झाला : परक्या मालावर इंग्रजी नावाचा भास होत असेल, तर मूळ देश छापलाच पाहिजे. जर्मन मालाला कमीपणा यावा म्हणून लावलेली ती अक्षरे पुढे त्याचेच भूषण ठरली! अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात तर बाहेरून येणाऱ्या चाकूंवर देशाचे नाव धातूतच उठवलेले हवे, अशी तरतूद आहे. चिठ्ठी चिकटवून भागत नाही. म्हणजे मामांचा चाकू कुठल्या तरी कारखान्यातून, बहुधा अमेरिकेच्या बाजारासाठी, शेकड्यांनी निघालेला. त्यांनी तो कोणत्या बंदरातल्या टपरीवर घेतला, देव जाणे.

मग तो म्हातारा लोहार, ती भट्टी, त्या ठिणग्या? कादंबऱ्या रचण्याची खोड मला कोणाकडून आली, ते त्या दिवशी उमगले.

"काय लिहिलंय रे त्यावर?" मामी दारातूनच विचारत्या झाल्या.

वर्गात मुलांना खरे बोलायला सांगणाऱ्या माझ्या घशाला कोरड पडली. दोन-तीन खोटी उत्तरे ओठांपर्यंत येऊन गेली. शेवटी म्हणालो, "जपान."

मामी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ! म्हणजे जपानलाही जाऊन आले होते हे. आणि मला मेलं एका शब्दानं बोलले नाहीत!"

त्यांचा राग खरा होता. त्या रागातच त्यांनी मोडका पंख उचलला, चाकूबरोबर चिंधीत नीट गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवून दिला.

उरलेल्या कामट्या मी कोयतीने तासल्या. यंदाचा कंदील जरा वाकडा झाला आहे.